मधली हवा

मलकापुरातल्या शाळकरी मुलाला निसर्गचित्र काढायला सांगितलं, की कागदावर आधी दोन त्रिकोणी डोंगर उगवतात. मधून सूर्य, खाली नदी, काठाला नारळाचं झाड. गावाभोवती मात्र पूर्णेच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन आहे. कपाशी, तूर, बांधावरची बाभूळ. चित्रातला डोंगर गर्द हिरवा असतो आणि पुढच्या झोपडीला खेटून उभा राहतो. मी रंगवायला लागलो तेव्हा माझाही डोंगर असाच पुढे यायचा. त्याला मागे कसं न्यायचं, हा प्रश्न मला फार दिवस पुरला. पुढे कळलं, चित्रकलेलाही तो शतकानुशतकं पुरला आहे.

मलकापूरच्या दक्षिणेला मोताळ्यापलीकडे दिसते ती अजिंठ्याची रांग. तिच्यातच पश्चिमेला वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, लेणी रंगवली गेली. सोळावं लेणं दान देणारा वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं वाशीम. लेण्यांतल्या चित्रकारांनी अंतर दाखवलं ते झाकून: पुढच्या माणसाआड मागचा अर्धा लपतो, मागचा थोडा वर सरकतो. पण मागच्याचा रंग फिका पडत नाही. कथेत त्याला मान असेल तर तो मागे असूनही मोठा दिसतो. बघणाऱ्याला कथेत ओढून घ्यायचं, तर त्यात कुणालाच दूर ठेवून चालणार नव्हतं.

अंतराला मोजमाप मिळालं ते इटलीत. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने प्रयोग केले आणि १४३५ साली आल्बर्टीने नियम लिहून ठेवला: दूर जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळताना दिसतात. आपल्याकडे ही रीत १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलसारख्या कलाशाळांतून रुजली. पुढच्या दहा वर्षांत, १८६७ साली, मलकापूरवरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. मला हे दोन्ही एकत्र आठवतात, कारण आल्बर्टीचा नियम बघायला मलकापुरात पुस्तक लागत नाही. स्टेशनच्या पुलावर उभं राहून रूळ कुठे मिळतात ते बघावं.

मीही रूळ काढले, खांब लहान लहान करत नेले. रूळ आत गेले, खांब आत गेले. डोंगर तसाच पुढे. तेव्हा रेषेची मर्यादा लक्षात आली. डोंगराला रुळांसारख्या कडा नाहीत आणि त्याची उंची बघणाऱ्याला ठाऊक नसते. लहान काढला, तर तो दूरचा डोंगर न वाटता जवळची टेकडी वाटतो.

उत्तर उत्तरेला होतं. पाऊस सरल्यावर एका स्वच्छ सकाळी गावाबाहेर कपाशीच्या कडेला बसलो, तर सातपुडा निळसर राखाडी दिसत होता. मी तिथे जाऊन आलेलो. तिथलं जंगल हिरवं असतं हे मला पक्कं माहीत होतं. त्या माहितीनेच इतके दिवस माझा ब्रश धरला होता. आणखी एक दिसलं: रांगेची वरची कड ठळक होती, पायथा मात्र विरलेला. हेच लिओनार्दो द विंचीने पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं; खालची हवा दाट असते म्हणून असं दिसतं. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, याचं गणित १८७१ साली रॅलेने मांडलं. सातपुडा आणि माझ्यामध्ये कित्येक कोसांची हवा उजळून उभी होती. एप्रिलमध्ये त्याच जागी बसलो तर धुळीच्या पांढुरक्या पडद्यामागे रांगच नाहीशी. डोंगर तितकाच दूर, हवा बदललेली. डोळा अंतर वाचतो ते बरंचसं या हवेवरून.

आता नवशिक्या मुलांना मी मागून सुरुवात करायला सांगतो. भरपूर पाण्यात कोबाल्ट ब्लू, त्यात बर्न्ट सिएनाचा एक ठिपका, म्हणजे निळा भडक राहत नाही. कागद ओलसर असतानाच डोंगराचा पायथा स्वच्छ ब्रशने पुसट करायचा. तो वाळल्यावर मधली झाडं, करड्या हिरव्या रंगाची, पानं न मोजता. सगळा गडदपणा, ऊब आणि बारकावे पुढच्या बांधासाठी राखून ठेवायचे. डोंगरावर झाडं काढायचा मोह आवरणं सगळ्यात अवघड. जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतलेल्या आबालाल रहिमान यांची रंकाळ्याची आणि कोटितीर्थाची चित्रं मी त्यांना दाखवतो. पाण्यावरचा प्रकाश पकडायला त्यांनी किती गोष्टी सोडून दिल्या, ते मुलांनी बघावं म्हणून.

झाकणं, रेषा, हवा: या प्रवासात आधीचं काही वाया गेलं नाही. बाभळीआड लपलेला सातपुडा अजूनही अजिंठ्याची युक्ती वापरतो, कपाशीच्या ओळी अजूनही आल्बर्टीचं ऐकतात. पण पहिल्या दोहोंत आपण वस्तू रंगवत होतो. तिसऱ्यात त्यांच्यामधली जागा रंगवायला शिकलो. तिच्यासाठी माहीत असलेला हिरवा बाजूला ठेवून दिसलेला निळा उचलावा लागतो. परवा एका मुलीने डोंगर निळा केला आणि मान वर करून विचारलं, "सर, चालेल ना? तिथं तर झाडं आहेत." मी तिला उत्तरेच्या खिडकीशी नेलं. तिने बराच वेळ बघितलं, परत येऊन बसली आणि रंगात आणखी पाणी घातलं.