लाखेची तबकडी

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम गाजवणारा ड्रमवादक चिक वेब आणि त्याच्या बँडची तरुण गायिका एला फिट्झजेराल्ड यांची १९३० च्या दशकातली गाणी आता विनाइलच्या तबकड्यांवर पुन्हा मिळतात. मूळ तबकड्या लाखेच्या होत्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या काळी जगाची बरीचशी लाख आपल्याच देशातून जाई, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांवरची. लाख म्हणजे इवल्या किड्यांनी स्वतःभोवती केलेलं कवच. ते खरवडताना किडे मरतात. श्रावकाला लाक्षावाणिज्य वर्ज्य सांगितलंय, ते उगीच नाही.

मग बायांनो, ती गाणी ऐकणं म्हणजे त्या हिंसेला अनुमोदन का? मला तसं वाटत नाही. ते किडे केव्हाच गेले; आज गाणं ऐकल्यानं नवा किडा मरत नाही. पण हैदराबादच्या लाड बाजारातून लाखेची बांगडी घेतली, की दुकानदार उद्या आणखी लाख मागवणार. झालेली हिंसा वेगळी, होणाऱ्या हिंसेला मागणी देणं वेगळं. विनाइलची नवी तबकडी घेतानाही हाच हिशेब, कारण तिच्यासाठीही खनिज तेल लागतं. साफ निर्दोष वस्तू कुठली सापडायची? माझ्या पैशानं पुढं काय घडणार, एवढं तरी विचारावं. गाणं खुशाल ऐकावं. खरेदी करताना मात्र जरा थांबावं.