नियती, यदृच्छा आणि ताल

जगाच्या आदिकारणाचा ऊहापोह आरंभताना श्वेताश्वतर उपनिषदाने काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा यांची एकत्र गणना केली आहे; आणि यंत्रावर रचलेल्या तालाला सजीवपणा कसा यावा, या वरकरणी निव्वळ तांत्रिक प्रश्नाचा निवाडा करू पाहणाऱ्यासही अखेर याच चौघांची साक्ष काढावी लागते, असे मला वाटते.

1980 साली रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे ध्वनी साठवणारे एलएम-वन हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्यात इकडेतिकडे पडलेला आघात नेमक्या कालबिंदूवर नेऊन बसवणारी क्वांटाइझची सोय होती, तशीच स्विंगचीही होती. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत पाव मात्रा सुमारे 167 मिलिसेकंदांची भरते. स्विंग 50 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर नेला, की दर दुसऱ्या पाव मात्रेचा आघात सुमारे 13 मिलिसेकंद मागे सरतो, आणि कानाला ज्याचा हिशेब देता येत नाही त्या एवढ्याशा विलंबाने ताल डोलू लागतो.

तथापि हुकुमाबरहुकूम चालणाऱ्या नियतीचा जाच वाटू लागला, म्हणून पुष्कळांनी यदृच्छेला पाचारण केले आणि प्रत्येक आघात स्वैरपणे थोडा मागेपुढे फेकण्याची मुभा यंत्राला दिली. परंतु त्यातून निपजला तो केवळ बावरलेल्या हाताचा ठेका. याचे कारण असे की, निष्णात वादकाची कालविचलने मोजून पाहिली असता ती परस्परांपासून स्वतंत्र आढळत नाहीत. मागे होऊन गेलेल्या आघाताचा संस्कार पुढच्या कितीतरी आघातांवर टिकून राहतो. यालाच मी स्वभाव म्हणतो. म्हणून हाय-हॅटचे सर्व आघात एकाच जोराने न लिहिता मात्रेवरचा 100 आणि मधला 70 असा चढउतार ठेवावा, स्नेअर उशिरा पडणार असेल तर तो सातत्याने उशिरा पडू द्यावा, आणि दोन हातांना एकाच क्षणी तीन ठिकाणी आघात करता येत नाही, ही देहाची मर्यादा यंत्रानेही पाळावी.

राहिला अवकाश. न्यायवैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. आधुनिक पदार्थविज्ञान तो हवेच्या कंपनात शोधते. तरीही स्थळावाचून नादाला पूर्णता नाही, हा अनुभव दोहोंनंतरही अबाधित राहतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. त्यामुळे स्नेअरच्या तोंडाशी धरलेल्या मायक्रोफोनपेक्षा मीटरभर अधिक दूर टांगलेल्या मायक्रोफोनला तोच आघात जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि भिंतींवरून परतणारा नाद किती वेळाने आला यावरून कान खोलीचा विस्तार ताडतो. किकला एक दालन, स्नेअरला दुसरे आणि झांजांना तिसरे अशी रिव्हर्बची वाटणी केल्यास वाद्यमेळाचे कुटुंब दुभंगते; सर्वांना एकाच वास्तूत नांदवावे, आणि एका आघाताचा अनुनाद विरण्यास पुढच्या आघातापूर्वी अवसर द्यावा.

यंत्रापाशी संचय आहे, पण वाजल्यामुळे ते बदलत नाही. सहस्र आवर्तनांनंतरही त्याचा पहिला आघात पहिल्याइतकाच कोरा असतो. वाजवता वाजवता घडत जाणे हे चेतनेचे लक्षण होय, आणि ते लक्षण यंत्रात उतरवायचे तर रचणाऱ्याने स्वतः दीर्घकाळ ऐकून घडलेले असले पाहिजे. कारण ज्याच्या कानावर संस्कार झालेला नाही, त्याच्या तालात तो कोणत्याही तजविजीने भरता येणार नाही.