किती जवळ

झाशीत एक मराठी कुटुंब राहत होतं. नेवाळकरांच्या राज्यात पूर्वज कोकणातून तिकडे गेले. १८५७नंतर झाशीचं होत्याचं नव्हतं झालं, पण हे घर तिथेच राहिलं. घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की बुंदेली, असा त्यांचा रिवाज होता. घरातला धाकटा मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला होता आणि त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता.

नाद खर्चिक होता. बोनस साठवून साठवून त्याने एकदाची ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली. आईने ती हातात धरून पाहिली. "वरवंट्याएवढी जड आहे रे," एवढंच म्हणाली आणि किंमत विचारली नाही.

चैत्रात बेतवा आटली. बरुआसागरच्या वाटेवर पुलाखाली वाळूचे पट्टे उघडे पडले. दरसालप्रमाणे केवट लोकांनी वाळूत खड्डे घेतले, शेणखत घातलं, खरबुजं आणि काकड्या लावल्या. वेलांच्या मधल्या मोकळ्या वाळूत पक्ष्यांनीही आपले संसार मांडले. त्यांत एक कंठेरी चिखल्याची जोडी होती. मुठीत मावेल एवढा हा पक्षी. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. घरटं म्हणावं असं काही तो बांधत नाही. वाळूत छातीने एक खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो.

मुलगा रविवारी पहाटे तिथे पोचला. चटई अंथरली, वाळू भरलेल्या पिशवीवर लेन्स टेकवली आणि पोटावर झोपला. पक्षी दिसत होता, पण फारच लहान. एवढासा पक्षी ६०० मिलिमीटरच्या लेन्सलाही पुरत नाही. फ्रेम भरायची तर सात-आठ मीटरवर जावं लागतं. तो कोपरांवर सरकू लागला. थोडं सरकावं, थांबावं, चटई ओढून घ्यावी, पुन्हा सरकावं.

पक्षी उठला. थोडा धावला, थांबला, परत धावला. मग त्याने एक पंख वाळूवर टाकला, शेपटी पसरली आणि मोडल्यासारखा तो पंख फरफटत नेऊ लागला. मुलाला आनंद आवरेना. असं दृश्य त्याने पुस्तकातच पाहिलं होतं. कॅमेरा खडखडत राहिला. पक्षी लांब गेला, उडून परत आला, पुन्हा पंख टाकला. मुलगा आणखी थोडा पुढे गेला. ऊन चढत होतं.

खरबुजांच्या वाडीचे म्हातारे मालक खांद्यावर कावड घेऊन नदीवरून येत होते. त्यांना सगळे कक्का म्हणत. वाट सरळ असूनही ते मोठा वळसा घालून आले. मुलाजवळ थांबले, कावड खाली ठेवली आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"काय काढताय, भैया?"

"पक्षी, कक्का. बघा, कसा पंख मोडल्याचं सोंग करतोय!"

"हओ," कक्का म्हणाले. "जरा चटईबाहेर वाळूवर हात ठेवा."

मुलाने तळवा टेकवला आणि लगेच उचलला. वाळू भाजत होती. कक्कांनी बोटाने समोर दाखवलं. तिथे चार खडे पडले होते. टोकं आत आणि जाड बाजू बाहेर, असे नीट लावलेले. खड्यांवर तपकिरी ठिपके होते.

सकाळपासून मुलगा त्याच दिशेने पाहत होता, पण ती अंडी त्याला दिसली नव्हती. लेन्समध्ये फक्त पक्षी होता. मागच्या बाभळीवर बसलेले दोन कावळेही त्याने पाहिले नव्हते. माणूस कुठे रेंगाळतो इकडे कावळ्यांचं बारीक लक्ष असतं.

"वर माताटीला धरणाचं पाणी सुटलं की वाळू बुडते. ते आपल्या हातात नाही," कक्का म्हणाले. "रात्री कोल्हा येतो, तोही नाही. कावळा मात्र आपण बोलवायचा नाही."

मुलगा उठला. चटई गुंडाळताना त्याने विचारलं, "मग किती लांबून काढू?"

कक्का काही बोलले नाहीत. ते त्याला घेऊन मागे निघाले. दहा पावलं, वीस पावलं. पक्षी लांब उभा राहून मान खालीवर करत होता. आणखी मागे. काकड्यांच्या रांगेपाशी पोचल्यावर पक्षी धावत अंड्यांकडे गेला, थबकला, पुन्हा गेला आणि बसला. कक्कांनी कावडीच्या दांडीने वाळूत रेघ ओढली.

"इथं."

"इथून तो फोटोत ठिपक्याएवढा दिसेल, कक्का."

"दिसू दे. आहेच तो तेवढा."

त्या रेघेमागे मुलगा बसून राहिला. दुपारच्या आत जोडीतला एक पक्षी पाण्यावर गेला, पोट भिजवून आला आणि अंड्यांवर उभा राहिला. बसला नाही. अंग किंचित वर धरून त्याने सावली केली आणि ओल्या पिसांतलं पाणी अंड्यांवर उतरू दिलं. हे मुलाने कुठे वाचलंही नव्हतं. सकाळच्या धांदलीत ते दिसणं शक्यच नव्हतं. तापल्या वाळूवरची हवा थरथरत होती, फोटो मऊ आले. कितीही महाग भिंग घेतलं तरी त्या हवेपुढे इलाज नसतो.

पुढचे रविवारही तो रेघेमागेच बसला. अंडी फुटली तो दिवस त्याला सापडला नाही. पिल्लं काही तासांतच पळू लागतात. त्याला ती दिसली तेव्हा वेलाखालून वेलाखाली धावत होती. पंख टाकलेल्या पक्ष्याचे फोटो त्याने कुठे पाठवले नाहीत. घरट्यावरचे फोटो आता बऱ्याच स्पर्धाही घेत नाहीत, पण त्याचं कारण ते नव्हतं. त्या फोटोंत त्याला आता पक्ष्याची भीती दिसत होती.

किती जवळ जावं हे लेन्सवर लिहिलेलं नसतं. ज्याचं काही जाणार असतं, त्याने ते ठरवायचं असतं. पक्ष्याला बोलता येत नाही, तो उठतो; आणि कावड जड असूनही कक्का वळसा घालून येत होते, ते त्याचं उठणं त्यांना कळत होतं म्हणून.

मुलाने एक फोटो छापून कक्कांना नेऊन दिला. त्यात वाळू होती, नदीची पट्टी होती, मधोमध ओल्या पोटाचा छोटासा पक्षी होता आणि एका कडेला धूसर हिरवी पानं. कक्कांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"माझे वेल नीट नाही आले," ते म्हणाले.

मग त्यांनी ठोकून पाहून एक चांगलं खरबूज काढलं, तागडीत घातलं आणि पैसे पूर्ण घेतले.