नेणं आणि जाणं

गेल्या ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, अकोल्यातल्या एका समारंभात वक्ते म्हणाले, "सिमेंटचे रॅम्प नंतर बांधू, आधी मनात रॅम्प बांधा. आपल्या वऱ्हाडाचं मन मोठं आहे. इथं पायरी आडवी आली की चार हात आपोआप पुढे येतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी थोरली बहीण शेजारीच व्हीलचेअरवर होती. लहानपणी पोलिओ झाला, पन्नाशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर निभावलं, आता खुर्ची. त्या सभागृहाच्या पाच पायऱ्या तिला चार जणांनीच चढवल्या होत्या. टाळ्या विरल्यावर ती मला म्हणाली, "मले सारेच नेतात रे. मी कुठी जातच नाई."

मनातल्या रॅम्पचं ते वाक्य अलीकडे कुठल्याही व्यासपीठावर ऐकू येतं. ते सद्भावनेनं म्हटलं जातं, म्हणून त्याचा प्रतिवाद करायला कोणी उठत नाही. मला तो करायचा आहे.

सिमेंटच्या रॅम्पवरचे बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. पैसा नाही, म्हणतात. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला, गिनीज बुकात नोंद झाली. त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यानंतर तीस फुटांच्या उताराला पैसा नाही हे कोणी सांगू नये. अशी माणसं येतातच किती, असंही विचारतात. ज्या विहिरीत उतरायला वाट नाही तिथं कोणी पाणी भरताना दिसत नाही, म्हणून गावाला तहान नाही असं होत नाही.

खरा विचार करायचा तो त्या चार हातांचा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याच घरच्या लग्नात कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. ताईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता; वरच्या संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद असणार, हे तिला न बघता ठाऊक होतं. दोघांनी मागचे दांडे धरले, दोघांनी पुढची पाय ठेवायची पट्टी. ती पट्टी धरून उचलायचं नसतं, ती निखळते, हे तिनं दोनदा सांगितलं. घाईत कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या पायरीवर पट्टी निखळली आणि खुर्ची पुढे कलली. एका हातानं तिनं चाक आवळून धरलं होतं, दुसऱ्या हातानं गुडघ्याशी साडी. वर पोचल्यावर हसून म्हणाली, "थकले न रे पोरहो!" मंगलाष्टकं झाल्यावर तिला घरी जायचं होतं. पोरं पंगतीत वाढत होती. ती चार वाजेपर्यंत बसून राहिली, तहानलेली. त्या पोरांत एकही वाईट नव्हता. मन मोठं होतंच. माझा मुद्दाच तो आहे: मन मोठं असूनही हे असंच होतं.

आणि लग्न तरी घरचं. तहसील कचेरीत काय? तुमची फाईल ज्यानं अडवली आहे त्याच कारकुनानं शिपायाला हाक मारून तुम्हाला वर उचलून आणलं, तर त्याच्याशी तुम्ही कोणत्या तोंडानं भांडाल? उपकाराखाली आलेला माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रार न करणारा नागरिक अर्धाच नागरिक असतो. मनाची महती गाणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण मदतीचा हिशेब ते नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं मांडतात.

शिवाय हे चार हात आहेत कुठे? वऱ्हाडातली पोरं पुण्याला, नागपूरला गेली. गल्लोगल्ली म्हातारा-म्हातारी मागे राहिलीत. त्या म्हातारपणालाही एक दिवस पायऱ्या जड होणार आहेत, हे मी धमकी म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीत ते घडलं आहे.

"आधी मन, मग सिमेंट" हा क्रमसुद्धा उलटा आहे. ज्याला दर वेळी उचलून आणावं लागतं त्याच्याबद्दल दया वाटते. जो आपणहून येऊन रांगेत लागतो त्याच्याशी नंबरावरून हुज्जत घालता येते, आणि हुज्जत बरोबरीच्यांत होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत १९२७ साली लढा उभा राहिला. जातीची बंदी आणि जोत्याची उंची या एक गोष्टी नव्हेत, त्या एका मापानं मोजणं अन्यायाचं होईल. पण आधी मनं बदलू द्या, दार नंतर उघडू, हा सल्ला मंदिरप्रवेशाच्या लढ्यांनी ऐकला असता तर दारं आजही बंद असती.

वऱ्हाडाच्या सेवेच्या परंपरेचा हवाला या बाबतीत हमखास दिला जातो. ती परंपरा नीट पाहावी. गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. वारकऱ्याला कोणीतरी ओसरी देईल, लोकांचं मन मोठं आहे, एवढ्यावर बाबा थांबले नाहीत. भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं, म्हणजे गरिबाला कोणाच्या दारात आर्जव करावं लागू नये. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभं केलं, ते कुष्ठरुग्णांना हात धरून फिरवण्यासाठी नव्हे. तिथं रोगी आपल्या हातांनी काम करत. सेवा म्हणजे आधी बांधून ठेवलेली सोय, हे ज्यांनी दाखवलं त्यांच्या नावानं आपण आज उचलाउचलीचं समर्थन करतो.

नेणं आणि जाणं यांतला फरक भावनेचा आहे असं कोणी म्हणेल. तो मोजता येतो. रॅम्पचं प्रमाण एकास बारा सांगितलं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट, त्याला तीस फूट उतार. इतकी लांबी कशासाठी? तर खुर्चीतल्या माणसाला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर जाता यावं म्हणून. एका कार्यालयात मी स्वतः टेप लावून मोजलं. अडीच फुटांची उंची दहा फुटांत उरकली होती, वर गुळगुळीत फरशी, तोंडाशी मोटारसायकली, आणि माथ्यावरच्या जाळीदार फाटकाला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. त्या उतारावर मागून दोघांनी ढकललं तर खुर्ची चढते. एकट्यानं चढायला गेलं तर मागे उलटते. तपासणीच्या कागदावर मात्र "रॅम्प: आहे" अशी खूण. तो नेण्याचा रॅम्प होता, जाण्याचा नव्हता. एसटीतही तेच: दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीत चढवायला माणूस सोबत लागतोच.

कायद्याला हा फरक कळतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४५व्या कलमानं सर्व जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम १५ जून २०१७ला आले. म्हणजे आपला रस्त्याचा विक्रम झाला त्याच महिन्यात ती मुदतही सरली. विक्रमाची बातमी घरोघरी पोचली, मुदतीची कोणाला आठवण झाली नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांतला १५(१) हा पोटनियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्तीचा आणि नियम नुसत्या शिफारशींचा, हे चालणार नाही, सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असं बजावलं. सुगम्यता आणि एखाद्या व्यक्तीच्या गरजेनुसार करून दिलेली सोय या दोन्ही हव्यात, पण त्या वेगळ्या. दुसरी माणूस आल्यावर, त्यानं मागितल्यावर होते. पहिली तो यायच्या आधीच झालेली असावी लागते, तो कोण आहे हे माहीत नसताना. चार हात कितीही तत्पर असले तरी ते माणूस आल्यावरच पुढे होतात.

ताईच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. दुकानदारानं गेल्या वर्षी समोरची नाली झाकली, तेव्हा गोण्यांची हातगाडी आत न्यायला बरी म्हणून फरशी लांबवर उतरती केली. त्याच्या मनात ताई नव्हतीच. एका संध्याकाळी ती घरात दिसेना म्हणून सून घाबरली, मला फोन केला. मी पोचेपर्यंत ताई परत आली होती. मांडीवर वातींचं पाकीट आणि पावशेर शेंगदाणे. दुकानदारानं भाव जास्त लावला म्हणून त्याच्याशी भांडून आली होती, आणि उद्या पुन्हा जाऊन उरलेले दोन रुपये घेणार होती.