चढ कोणाचा, उतार कोणाचा?

ज्या व्यवसायात आमची वीस वर्षे गेली, त्याविषयी लोकांच्या मनात एक ठराविक चित्र असते. फोर्टातील वातानुकूलित कचेरी, पडद्यावर हलणारे आकडे, बाजार चढला की पेढे आणि पडला की सुतकी चेहरे. वित्त-सल्लागार संस्थेतील नोकरी म्हणजे चढउतारांची नोकरी, असे अनेकजण आम्हांला सहानुभूतीने म्हणतात. हे चित्र अगदीच खोटे नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला, तेव्हा वसईहून चर्चगेट लोकल पकडण्यापूर्वीच आमचा फोन वाजू लागे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ८,००० च्या खाली गेला, तेव्हा ओळखीची माणसे फलाटावर नजर चुकवू लागली. तरीही मागे वळून पाहताना वाटते, की तो चढउतार आमचा नव्हताच. तो दुसऱ्यांचा होता. आम्ही काठावर उभे होतो. दुसऱ्याच्या पैशाविषयी सल्ला देऊन जो आपले पोट भरतो, त्याचे त्या पैशाच्या नफ्यातोट्याशी नैतिक नाते कोणते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात भेटला नाही. २००७ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्याच धर्मग्रामातील एक विधवा मावशी आमच्याकडे आल्या. वय पासष्टच्या घरात. वाडीचा एक तुकडा विकून थोडे पैसे हाती आले होते. ‘बाबा, तू मोठ्या कचेरीत आहेस. हे कुठं ठेवू ते तूच सांग,’ एवढेच त्या म्हणाल्या.

योग्य उत्तर आम्हांला ठाऊक होते. २००४ मध्ये सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्या वेळी ९ टक्के व्याज देत होती, आणि टपाल कचेरी त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. परंतु त्यातून आमच्या संस्थेच्या पदरी काही पडणार नव्हते. तो महिना युलिपचा होता. वरिष्ठांनी ठरवून दिलेले टार्गेट अपुरे होते. आम्ही मावशींना दर वर्षी दोन लाखांचा हप्ता असलेली पॉलिसी सुचविली. पैसा शेअरबाजारात गुंतविला जाईल, हे सांगितले. पहिल्या हप्त्यातून मोठा हिस्सा निरनिराळ्या आकारांपोटी वजा होतो, हे कागदावर छापलेले होते. आम्ही खोटे काहीच बोललो नाही. एप्रिलमध्ये पगाराबरोबर बक्षिसाची रक्कम मिळाली आणि आमच्या घरी वॉशिंग मशीन आले.

पुढील वर्षी बाजार कोसळला. मावशींच्या मुलाची नोकरी गेली आणि दुसरा हप्ता भरणे त्यांना शक्य राहिले नाही. हे सांगायला त्या आल्या त्या केळ्यांचा फणा घेऊनच. आम्ही मान खाली घालून आकडे समजावू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच विचारले, ‘बाबा, तुझंही बुडालं असेल ना रे?’

आम्ही ‘हो’ म्हणालो.

त्या सगळ्या व्यवहारातील आमचे एकमेव उघड असत्य तेवढेच. परंतु त्या एका शब्दाने आधीच्या साऱ्या सत्यकथनाचे खरे रूप आमच्यापुढे उभे केले. मावशींनी गृहीत धरले होते, की आपण ज्या होडीत बसलो तिच्यात हाही बसला आहे. आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत मासळी वाट्यांनी वाटली जाते. हंगाम वाईट गेला तर तांडेलाचा वाटाही घटतो. आम्ही मात्र असे तांडेल होतो, की मासळीचा वाटा आगाऊ घ्यावा आणि होडी दुसऱ्यांच्या हाती देऊन किनाऱ्यावर थांबावे. चढ आमचा, उतार मावशींचा.

यावर कोणी म्हणेल, की वैद्य रोग्याबरोबर आजारी पडत नाही. मग सल्लागाराने तोट्यात वाटेकरी का व्हावे? आक्षेप रास्त आहे. तोट्याची भरपाई हे सल्लागाराचे कर्तव्य नव्हे, आणि बाजाराचे भविष्य कोणालाच दिसत नाही. परंतु जितके औषध अधिक तितकी कमाई अधिक, असा वैद्य असेल, तर त्याच्या प्रत्येक चिठ्ठीकडे आपण संशयानेच पाहू. दोष तोट्यात सहभागी न होण्यात नाही. ज्या सल्ल्याने दुसऱ्याचे नुकसान होण्याचा संभव आहे, त्याच सल्ल्यावर आपली भाकरी भाजून घेण्यात आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. ऑगस्ट २००९ पासून सेबीने म्युच्युअल फंडांवरील एंट्री लोड बंद केला. सप्टेंबर २०१० पासून युलिपवरील आकारांना मर्यादा आली. २०१३ मध्ये गुंतवणूक-सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम झाले आणि दलालीविना थेट फंड घेण्याची सोय मिळाली. एकाच ग्राहकाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर मालही विकायचा, यास २०२० च्या दुरुस्तीने मज्जाव केला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कायदा आम्हांला बोलावयास लावू शकतो, ‘नको’ म्हणावयास लावू शकत नाही. ‘मावशी, हे तुमच्यासाठी नाही,’ हे वाक्य कोणत्याही नियमावलीत बसत नाही. ते सद्सद्विवेकबुद्धीनेच उच्चारावे लागते, आणि महिनाअखेरीस त्याची किंमत मोजावी लागते.

येथे ग्राहकासही एक प्रश्न विचारला पाहिजे. सल्ल्यासाठी दोन हजार रुपये रोख मोजावयास सांगितले, तर बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. न दिसणारे वीस हजार कापले गेले, तर कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. फुकट सल्ल्याची अपेक्षा धरणारा समाज सल्लागाराला विक्रेता बनवितो. प्रामाणिक शब्दाला मोल आहे, हे मान्य करून ते उघडपणे देणे हीसुद्धा एक नैतिक जबाबदारी आहे. अर्थात, यामुळे आमचा दोष तिळमात्र कमी होत नाही. मावशींनी फी नाकारली नव्हती. आम्ही ती मागितलीच नव्हती.

२०१० मध्ये बंद पडलेल्या त्या पॉलिसीचे पैसे मावशींच्या हाती आले, ते भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. त्या दिवशी आम्ही त्यांना सारे सांगितले: टपाल कचेरीचे, टार्गेटचे, बक्षिसाचे आणि त्या ‘हो’चेही. बक्षिसाची रक्कम पाकिटात घालून पुढे केली. त्यांनी पाकीट घेतले, ते न मोजता पदराआड ठेवले आणि बऱ्याच वेळाने विचारले, ‘मग तेव्हा का नाही सांगितलंस?’

त्यांच्या स्वरात राग नव्हता. आमच्याजवळ उत्तरही नव्हते. त्यानंतरही आम्ही सहा वर्षे त्याच कचेरीत काढली, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. घरकर्ज होते, मुलांच्या शाळा होत्या. फरक पडला तो एवढाच, की कोणी समोर बसून ‘तूच सांग’ म्हटले, की प्रथम तो प्रश्न कानी येई. काही वेळा आम्ही ‘नको’ म्हणालो. काही वेळा म्हणालो नाही. त्यांपैकी कोणत्या दिवशी आम्ही चढलो आणि कोणत्या दिवशी उतरलो, हे पडद्यावरील आकड्यांत मात्र कधीच दिसले नाही.