ज्यास सांगतां येत नाहीं, त्याच्या श्वासाविषयीं

मनुष्य आपलें दुखणें सांगतो आणि आपण त्याचें खरें मानितों. पोटांत कळ आली असें कोणी म्हणाला तर त्यास निजवितों, छाती भरून आली असें म्हणाला तर दवाखान्यांत नेतों, "खरेंच का?" असें विचारीत बसत नाहीं. ज्याचें दुःख तोच त्याचा पहिला साक्षी, हा नियम आपण कोणीं न शिकवितां पाळितों. परंतु ज्याच्या तोंडीं शब्द नाहीं, अथवा शब्द असूनही आपल्या देहांत काय चाललें आहे हें ज्यास ओळखतां व सांगतां येत नाहीं, त्याची छाती भरून आली तर साक्ष कोणाची घ्यावी? हा प्रश्न वैद्यकाचा दिसतो. परंतु वैद्य भेटण्यापूर्वींच तो घरांत उभा राहतो, आणि तेथें तो नीतीचा प्रश्न असतो.

एक उदाहरण घेऊं. तें कोणा एका घरची हकीकत नव्हे. पण माजलगांवच्या वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सिंदफणेच्या कांठचीं व बालाघाटाच्या डोंगरांतलीं कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुलें बरोबर, किंवा गांवीं आजीपाशीं. समजा, अशा एका जोडप्याचा सात वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाहीं. नजरेस नजर देत नाहीं. उसाचें एकच वाढें घटका घटका बोटांत फिरवीत बसतो. आनंद झाला किंवा भीति वाटली कीं तो भराभर श्वास घेऊं लागतो. कधीं गाल फुगवून श्वास कोंडून धरितो आणि मग एकदम सोडितो. तळावर सर्वांस ही गोष्ट ठाऊक आहे. एके रात्रीं कोपींत आईस जाग येते. मूल निजलेलें आहे, पण श्वास भराभर चालला आहे. थोरली जाऊ म्हणते, "अगं, तें त्याचें रोजचेंच आहे. नीज आतां, पहाटे फडांत जायचें आहे." आई म्हणते, "नाहीं आक्का, आजचें तें नव्हे." काय निराळें आहे तें मात्र तिला सांगतां येत नाहीं. दवाखान्यांत गेली तर दिवसाचा खाडा धरला जाईल. तिनें काय करावें? आणि जावेनें, नवऱ्यानें, मुकादमानें काय करावें?

अशा मुलास स्वमग्न म्हणतात. लिओ कॅनर या वैद्यांनीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १९४३ सालीं ११ मुलांच्या हकीकतींवरून ह्या अवस्थेचें वर्णन केलें. तेव्हांपासून तिच्याविषयीं पुष्कळ कळलें आहे, आणि पुष्कळ गैरसमजही झाले. आईची माया थंड असल्यानें मूल असें होतें, असा समज पाश्चात्य देशांत कित्येक वर्षें चालला, आणि असंख्य मातांनीं तो दोष निमूटपणें सोसला. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून तो समज खोडून काढिला. आपल्याकडे हाच दोष करणीस, पूर्वजन्मास किंवा सुनेच्या पायगुणास दिला जातो, एवढाच फरक. वस्तुतः स्वमग्नता हा मेंदूच्या घडणींतील भेद आहे. आवाज, उजेड, स्पर्श हे अशा मुलांपैकीं कोणास असह्य होतात, तर कोणास फारसे जाणवतही नाहींत. आणि देहाच्या आंतून येणाऱ्या खुणांचेंही तसेंच. भूक, ताप, श्वासाची ओढ आपणांस आपोआप कळते. त्यांच्यापैकीं पुष्कळांस ती अंधुक कळते, किंवा एकदम पुरासारखी अंगावर येते.

श्वासाची जोडणीही त्यांच्यांत निराळी असूं शकते. ह्याचें एक लहानसें प्रमाण इस्राएलांतील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. १८ स्वमग्न व १८ इतर मुलांस त्यांनीं सुवास व दुर्गंध हुंगावयास दिले. इतर मुलें दुर्गंध येतांच श्वास आखडता घेत; स्वमग्न मुलें दोन्ही वास सारखेच ओढीत. घाण वास आला कीं नाक आखडणें ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाहीं असें आपण समजतों. पण तीही सर्वांस सारखी येत नाहीं.

म्हणून अशा मुलाचा श्वास विषम चालला असतां त्याचें कारण एकच असेल असें नाहीं. कित्येकदां तो आनंदाचा उद्गार असतो. आपण जेथें "वाहवा" म्हणूं तेथें तें मूल श्वास फुंकतें. कित्येकदां गोंगाटांत स्वतःस सांवरण्याचा तो उपाय असतो. कोणी पाय हलवितो, कोणी मिशी पिळतो, त्यांतलाच तो प्रकार. मात्र फार वेळ भराभर श्वास घेतल्यास रक्तांतील कार्बन डायॉक्साइड वायु कमी होऊन चक्कर येते, बोटांस मुंग्या येतात, आणि तें सांगतां न आल्यानें मूल अधिकच घाबरतें. लहान मुलें रडतां रडतां श्वास धरून निळीं पडतात. तें बहुधा मिनिटाच्या आंत ओसरतें, परंतु त्याच्या मागें लोहाची उणीव असूं शकते आणि ती औषधानें भरून निघते. ह्याशिवाय साधीं दुखणीं आहेतच: दमा, न्युमोनिया, चुलीच्या धुरानें होणारा त्रास, टॉन्सिल वाढल्यानें झोपेंत अडणारा श्वास. स्वमग्न मुलांत फेफरें अधिक आढळतें, आणि फेफऱ्यांतही श्वास अडतो. जें मूल हातीं येईल तें तोंडांत घालतें, त्याच्या श्वासनलिकेंत शेंगदाणा किंवा सीताफळाची बी अडकूं शकते. मूल स्वमग्न आहे म्हणून ह्यांतील एकही दुखणें टळत नाहीं. फक्त तें सांगितलें जात नाहीं.

ज्यास आपण खोड म्हणतों त्याच्या मुळाशीं काय असूं शकतें, हें एका शोधाच्या इतिहासावरून दिसतें. व्हिएन्ना येथील वैद्य आंद्रेआस रेट यांनीं १९६६ सालीं कांहीं मुलींविषयीं लिहिलें. अशा मुली प्रारंभीं बहुधा नीट वाढतात. मग त्यांची बोली व हातांचें कौशल्य हरपतें, आणि त्या हात एकसारखे चोळीत राहतात. जागेपणीं त्यांचा श्वास कधीं अतिशय जलद चालतो, कधीं थांबून राहतो; झोपेंत तो पुष्कळ अंशीं सुरळीत होतो. झोपेंत सुरळीत होतो, तर जागेपणीं ही मुलगी मुद्दाम करीत असली पाहिजे, असें कोणीही सहज म्हणेल. परंतु अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनें १९९९ सालीं ह्याचें कारण शोधून काढिलें. एका विशिष्ट जनुकांत बिघाड होतो आणि श्वासाचा ताल राखणारे मेंदूचे भाग त्यानें विस्कळित होतात. अमेरिकन वैद्यांच्या १९९४ च्या वर्गीकरणांत ही अवस्था स्वमग्नतेच्या शेजारीं ठेविलेली होती. २०१३ सालीं ती तेथून वेगळी काढण्यांत आली. १९६६ ते १९९९ हीं ३३ वर्षें कारण ठाऊक नव्हतें. श्वास मात्र तोच होता. कारण सांपडलें म्हणून त्या मुलींचा त्रास खरा झाला असें नव्हे. तो पहिल्यापासून खराच होता.

आपल्या हातून येथें दोन प्रकारचे अन्याय घडतात, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला अन्याय दुखण्यास खोड समजण्याचा. एकदां 'स्वमग्न' हा शब्द कागदावर चढला कीं पुढचें प्रत्येक लक्षण त्याच शब्दाच्या खातीं मांडिलें जातें, आणि छातीस नळी लावून पाहणें राहून जातें. दुसरा अन्याय निरुपद्रवी खोडीस अपराध समजण्याचा. श्वास फुंकणाऱ्या मुलाचें तोंड दाबितात, त्यास चापट मारितात, किंवा भगताकडे नेऊन धुरांत बसवितात. सभेंत, लग्नांत, उपासनेंत अशा मुलानें मोठ्यानें श्वास सोडला कीं माना वळतात, आणि आई त्यास उचलून बाहेर जाते. त्या श्वासानें कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें. दोन्ही अन्यायांचें मूळ एकच: आपण मुलाकडे न पाहतांच निवाडा देतों.

यावर कोणी म्हणेल, "दर वेळीं दवाखाना गांठावयाचा तर हातावर पोट असलेल्यानें जगावें कसें?" हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच पहिलें कर्तव्य धांवण्याचें नसून ओळखून ठेवण्याचें आहे. न बोलणाऱ्याचा रोजचा श्वास घरांत कोणास तरी ठाऊक असला पाहिजे. मूल स्वस्थ निजलें असतां त्याची छाती पूर्ण एका मिनिटांत किती वेळां वर येते तें मोजून ठेवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणें दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटास ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक चालला, तर तो जलद समजावा. मोठ्या मुलाची तुलना त्याच्याच रोजच्या आंकड्याशीं करावी. खोडीचा श्वास आवडती वस्तु दिल्यानें, गोंगाटांतून दूर नेल्यानें किंवा झोप लागल्यानें बहुधा निवळतो. बरगड्यांखालीं खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर झाले असतील, तर मात्र कसलाही विचार न करितां निघावें. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठींच आहे. घाबरलेल्या मुलाच्या तोंडास कागदी पिशवी लावूं नये. श्वास दुखण्याचा असल्यास त्यानें अपाय होतो.

एवढें करूनही संशय उरेल, आणि संशय उरला असतां कोणत्या बाजूस झुकावें हाच नीतीचा खरा प्रश्न आहे. दोन चुकांचें मोल सारखें नाहीं. खोडीस दुखणें समजलों तर एक दिवस बुडेल; दुखण्यास खोड समजलों तर मूल हातचें जाईल. म्हणून त्याचा रोजचा श्वास जो जाणतो त्याचा शब्द, कारण सांगतां आलें नाहीं तरी, प्रमाण मानावा. परंतु त्या एका दिवसाचें मोल एकट्या आईनेंच कां भरावें? पुराव्याचा भार ज्यास बोलतां येत नाहीं त्याच्यावर टाकूं नये, तसाच तो त्याच्या आईवरही टाकूं नये. जावेनें तिची मोळी बांधावी. नवऱ्यानें बरोबर निघावें. मुकादमानें तो खाडा मांडूं नये. दवाखान्यांतही तिनें संकोच करूं नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि तपासणी व उपचार यांत अशा रुग्णांस अग्रक्रम द्यावा असें तो कायदा म्हणतो. रांगेंत तीन तास न बसूं शकणाऱ्या मुलाच्या आईनें हें धिटाईनें सांगावें. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत व शाळेंत येतें; त्याच्या तपासणींत स्वमग्नताही आहे. तें येईल त्या दिवशीं मूल लपवूं नये.

आतां त्या कोपींतील आईकडे पुन्हां पाहूं. काय निराळें आहे तें तिला सांगतां आलें नाहीं. पण तिनें जें ओळखिलें तें खरें होतें. मुलाची ती खोड जागेपणाची होती, आणि त्या रात्रीं तो निजलेला होता. सात वर्षें तिनें तो श्वास ऐकिला होता. वाचकहो, आपल्या आळींत असें एखादें मूल असेल तर त्याच्या आईस एकदां विचारून ठेवा, "ह्याचा रोजचा श्वास कसा असतो?" म्हणजे कधीं रात्रीं ती आपलें दार ठोठावील तेव्हां, "कशावरून?" असें न विचारतां आपण चपला पायांत घालूं.