दिसणे आणि टिकणे

मनुष्य एखादी वस्तू घडवू लागला म्हणजे त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ही वस्तू कशी दिसेल, हा पहिला. आणि ही वस्तू भार सोसून टिकेल काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. परंतु एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले म्हणजे अनर्थ ओढवतो. हा जुनाच विचार आमच्या मनात नव्याने येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला.

आमच्या परिचयाच्या एका मेस्त घराण्यातील तरुण परवा आमच्याकडे आला होता. देवस्थानच्या रथाची चाके जीर्ण झाली असून ती नवी करण्याचे काम त्याच्या वडिलांकडे आले आहे. महाजनांची त्याबरोबर अशीही इच्छा आहे की, नवा रथ कसा दिसेल, देवळाच्या वळणावर तो कसा फिरेल, हे जत्रेपूर्वीच संगणकाच्या पडद्यावर पाहावयास मिळावे. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथे वसलेल्या कुळाव्यांसही ते धाडता यावे. हाताशी वेळ थोडा आणि शिकावयाची साधने दोन. एक, यंत्ररचनेची आज्ञावली. दुसरे, संगणकावरील खेळ घडविण्याचे साधन, ज्यास ‘गेम इंजिन’ म्हणतात. दोहोंपैकी कोणते निवडावे, असा त्याचा प्रश्न होता. प्रथम आम्हांस तो केवळ सोयीचा वाटला. विचार करू लागलो तेव्हा तो नीतीचा आहे असे दिसून आले.

ही दोन साधने आहेत तरी काय? 1963 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची योजना सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावी आणि या दोन रेषा समांतरच राहतील असे बंधन त्यांवर घालावे, अशी तिची किमया होती. आकृतीला नियमाने बांधण्याची ही कल्पना पुढे विस्तारत गेली, आणि 1995 साली निघालेल्या ‘सॉलिडवर्क्स’सारख्या आज्ञावल्यांतून ती कारखान्याकारखान्यांत पोहोचली. खेळांची इंजिने निराळ्या गरजेतून जन्मास आली. ‘अनरिअल’चा उदय 1998चा, ‘युनिटी’चा 2005चा. पाहणाऱ्याचा डोळा रमला पाहिजे, हे त्यांचे ध्येय. एका सेकंदात 60 चित्रे दाखवावयाची तर एका चित्रास सुमारे 17 सहस्रांश सेकंद एवढाच अवधी मिळतो. एवढ्या घाईत वस्तूचा अंतर्भाग कोण पाहणार? म्हणून तेथे वस्तूचे केवळ कवच असते, तेही लहानलहान त्रिकोणांचे. यंत्ररचनेच्या आज्ञावलीत वर्तुळ म्हणजे केंद्र आणि त्रिज्या. इंजिनात वर्तुळ म्हणजे डोळ्यास गोल भासणारा बहुकोन.

हा भेद किती खोल जातो, हे चाकावरूनच पाहू. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना मेस्त ती मुद्दाम किंचित लहान करवून घेतो. मग ती तापवावयाची, फुगली की चाकावर बसवावयाची आणि पाणी ओतावयाचे. एक मीटर व्यासाची धाव 400 अंशांनी तापविली असता तिचा व्यास सुमारे 5 मिलिमीटर वाढतो. थंड होताना ती आकसते आणि आरे, पाटे, तुंबा या सर्वांस एकत्र आवळून धरते. चाकाचे सारे बळ या थोड्याशा अंतरात साठविलेले असते, आणि ते अंतर कोणास दिसत नाही. यंत्ररचनेच्या आज्ञावलीत ते अंतर लिहावेच लागते. लिहिले नाही तर रेखाटन अपुरे राहते. इंजिनात ते लिहिले काय, न लिहिले काय, पडद्यावरील चाक सारखेच सुंदर फिरते!

तरुणाने येथे एक बिनतोड वाटणारी शंका काढली. इंजिनातही गुरुत्वाकर्षण असते, वस्तूंना वजन असते, त्या एकमेकींवर आदळतात. मग रथ तेथेच ओढून कलंडतो की काय हे का पाहू नये? शंका रास्त आहे, आणि ढोबळ अंदाज तेथेही मिळू शकेल. परंतु ते गुरुत्वाकर्षण आज्ञाधारक असते. खेळातील वीराची उडी देखणी व्हावी म्हणून ते हवे तेवढे कमी करता येते. ‘युनिटी’त या हालचालींचा हिशेब, कोणी बदलला नाही तर, एका सेकंदात 50 वेळा होतो, दोन हिशेबांच्या मधल्या क्षणात वेगवान गोळी पातळ भिंतीतून आरपार निघून जाते आणि भिंतीस पत्ताही लागत नाही. आणि आस कोठे वाकेल, तुंबा कोठे चिरेल, हे तर कवचास विचारून समजावयाचे नाही. इंजिनाची कसोटी ‘खरे वाटते काय’ ही आहे, ‘खरे आहे काय’ ही नव्हे.

म्हणून इंजिन हे असत्याचे साधन ठरते काय? मुळीच नाही. आमच्याकडील दशावतारी खेळात राजाचा मुकुट खरा नसतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी कोणी फसला असे म्हणत नाही. रंगभूमीवर तो मुकुट सच्चाच असतो. असत्य सुरू होते ते कोणी तोच मुकुट सराफाकडे गहाण ठेवावयास नेतो तेव्हा.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न येथेच आहे. महाजनांच्या बैठकीत पडद्यावर रथ डौलाने वळताना दिसेल. सर्वजण माना डोलावतील. आणि ‘रथ पाहिला, उत्तम आहे’ असा ठराव होईल. पाहिले ते चित्र आणि संमती मिळाली ती चाकाला! पुढे जत्रेच्या दिवशी दोरास शेकडो हात लागतील, चाकांजवळून मुले धावतील. त्या वेळी आस दगा देती झाली, तर चित्र सुंदर होते हे उत्तर कोणी कोणास द्यावे? मान डोलावणाऱ्यांस दोष देता येणार नाही. त्यांना आपण काय पाहतो आहोत हे सांगितलेच गेले नव्हते. जो दाखवितो त्याच्यावर सांगण्याचेही उत्तरदायित्व असते.

तथापि काटेकोर रेखाटनाचाही अहंकार नसावा. यंत्ररचनेची आज्ञावली सत्य जाणत नाही; आपण दिलेल्या आकड्यांशी ती प्रामाणिक राहते, इतकेच. लाकूड म्हणजे सर्व दिशांनी सारखे असे पोलाद नव्हे. त्यास रेषा असतात, गाठी असतात, पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात आटते. ओल्या लाकडास सुके मानून आकडे भरले, तर उत्तर दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत बिनचूक आणि तरीही चूक येईल. ती गाठ वडिलांच्या बोटांस कळते. किंबहुना चित्राच्या मोहाहून आकड्याचा मोह अधिक फसवा. कारण चित्र हे चित्र आहे एवढे तरी आपण जाणून असतो.

मग निवड कशी करावी? आम्ही त्या तरुणास एवढेच सांगितले की, जेथे मनुष्याच्या देहावर परिणाम होणार आहे, तेथे आधी टिकण्याचा प्रश्न सोडवावा, मग दिसण्याचा. या क्रमास व्यवहाराचाही आधार आहे. काटेकोर आकृतीपासून त्रिकोणांचे कवच सहज काढता येते. कवचापासून हरवलेली त्रिज्या आणि हरवलेले अंतर परत मिळविणे फार कष्टाचे असते. सत्यापासून आभासाकडे उतरता येते. आभासावरून सत्याकडे चढण्याची वाट बिकट आहे. आणि पुढे चित्र दाखविशील तेव्हा ‘हे केवळ दर्शन आहे, परीक्षा नव्हे’ असे स्वतःच्या तोंडाने सांगून दाखव, असेही आम्ही म्हणालो.

त्याने यंत्ररचनेची आज्ञावली प्रथम शिकण्याचे ठरविले आहे. त्यामुळे यंदाच्या जत्रेपूर्वी कुळाव्यांस रथाचे चित्र पाहावयास मिळणार नाही, आणि काही महाजन त्याजवर नाराज आहेत, असे ऐकतो. त्यांची नाराजी आम्ही समजू शकतो. दूर राहणाऱ्यास दर्शनाची ओढ असणे स्वाभाविकच आहे. परंतु दर्शन एक वर्ष उशिरा झाले तर ते भरून निघते. चाकाखाली जे जाते ते भरून निघत नाही.